अर्ज कोठे करावा? – महाविद्यालयांची यादी करण्याविषयी काही विचार

बारावीचा निकाल लागला की आपल्या भागातील घराघरांत एक प्रश्न विचारला जातो, "आता पोराला कुठं टाकायचं?" या प्रश्नातील क्रियापद लक्षात घेण्याजोगे आहे. विद्यार्थी कोठे जात नाही. त्याला टाकले जाते. उत्तरही बहुधा तयारच असते. चुलतभाऊ जेथे होता तेथे, दोघे मित्र जेथे निघाले तेथे, किंवा कोणी ओळखीचे गृहस्थ "तुमची कागदपत्रं माझ्याकडं द्या, बाकीचं मी पाहतो" असे म्हणतात तेथे. म्हणजे यादी अशी नसतेच. असते ते एक नाव, आणि ते नाव चुकले तर वर्ष गेले.

या एका नावाच्या जागी पाचसात नावांची विचारपूर्वक यादी कशी तयार करावी, एवढाच या लेखाचा विषय आहे. उदाहरणासाठी भोकरदन तालुक्यातील धावडा हे गाव समोर ठेवले आहे. जालना जिल्ह्याच्या अगदी कडेला, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळ वसलेल्या या गावाची अडचण आणि सोय या दोन्ही गोष्टी अशा कितीतरी गावांना लागू पडणाऱ्या आहेत.

निवड करता येणे हीच मुळात आपल्याकडची अलीकडची गोष्ट आहे, हे आजच्या विद्यार्थ्याला सहसा ठाऊक नसते. निजामाच्या राजवटीत मराठवाड्यात पदवीपर्यंतच्या शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हती. औरंगाबादला 1923 साली इंटरमीजिएट कॉलेज निघाले. त्यापुढे शिकावयाचे तर हैदराबाद गाठावे लागे. तेथील उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये स्थापन झाले आणि त्याचे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी घरातील मुलाने आधी भाषेचा डोंगर चढायचा आणि मग विषयाचा. ज्यांना ते नको होते त्यांनी संस्थानाबाहेर जावे. औरंगाबादेत शाळा शिकलेले गोविंदभाई श्रॉफ उच्च शिक्षणासाठी थेट कलकत्त्यापर्यंत गेले. अर्थात असे जाणे किती घरांना परवडत असेल, याचा अंदाज कोणीही करावा.

ही कोंडी फुटली ती 1950 साली. त्या वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1945 साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय औरंगाबादेत सुरू झाले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय चालू असताना बाबासाहेबांनी मराठवाडा निवडला, याचा अर्थ आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोठा आहे. ज्याला दूर जाणे शक्य नाही त्याच्याजवळ महाविद्यालय आणावे, आणि जो खेड्यातून येईल त्याच्या राहण्याचीही तजवीज करावी, असा तो विचार होता. पुढे 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्‌घाटन झाले. 1 मे 1981 रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. विद्यापीठाचा नामविस्तार 14 जानेवारी 1994 रोजी झाला आणि त्याच वर्षी नांदेडला दुसरे विद्यापीठ आले. आता महाविद्यालय तालुक्याच्या गावी आहे. एकच नाव असण्याचे दिवस संपले, पण एकच नाव घेण्याची सवय मात्र राहिली.

आता नकाशाकडे वळू. धावड्याचा तालुका भोकरदन, जिल्हा जालना, विद्यापीठ छत्रपती संभाजीनगरचे (पूर्वीचे औरंगाबाद). कागदावर दिशा ठरलेली आहे : दक्षिणेकडे. पण बाजारहाट, दवाखाना आणि सोयरीक यांच्या दिशा कागदावरून ठरत नाहीत. पूर्वेकडे बुलढाणा जिल्ह्याची हद्द लागून आहे. तेथील महाविद्यालये 1983 साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत. अजिंठ्याचा घाट उतरून पहूरच्या बाजूला गेले की जळगाव जिल्हा, म्हणजे 1990 साली निघालेले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. आज ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. अशा रीतीने मराठवाडा, विदर्भ आणि खानदेश या तीन प्रदेशांची तीन विद्यापीठे या एका गावाच्या आवाक्यात येतात. असे भाग्य मोठ्या शहरातील विद्यार्थ्यालाही नसते! तरीही "तो जिल्हा आपला नाही" एवढ्या कारणाने बुलढाण्याचे नाव यादीत लिहिलेच जात नाही.

वास्तविक बारावीची परीक्षा राज्यभर एकाच राज्य मंडळाची आहे. कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेच्या साध्या पदवीसाठी शेजारच्या विद्यापीठात अर्ज करण्यास जिल्ह्याची हद्द आड येत नाही. पदवी एका विद्यापीठाची घेऊन पुढील शिक्षण दुसऱ्या विद्यापीठात घ्यावयाचे तर स्थलांतर प्रमाणपत्र काढावे लागते, एवढेच. मात्र अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत 'गृह विद्यापीठ' या कल्पनेला महत्त्व आहे. काही जागा त्या विद्यापीठाच्या क्षेत्रात शिकलेल्यांसाठी राखलेल्या असतात. तेव्हा बारावी कोठून केली यावर पुढचे काही ठरते, आणि त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचल्याशिवाय अशा अभ्यासक्रमांची यादी करू नये.

यादीची सुरुवात महाविद्यालयांच्या नावांनी न करता घरच्या हिशेबाने करावी, असे माझे मत आहे. एका कागदावर आपले गुण, आपला विषय, घरची ऐपत आणि येण्याजाण्याची वाट एवढे आधी लिहावे. नावे नंतर. नावापासून सुरुवात केली की माणूस नावाच्या मोहात पडतो, आणि हिशेब मागाहून नावाला जुळवून घेतो.

ऐपतीचा विचार करताना आपण बहुतेक वेळा फक्त फी विचारतो. फी हा खर्चाचा एक भाग आहे, आणि अनुदानित महाविद्यालयातील कला शाखेच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तो बहुधा लहान भाग असतो. खोलीचे भाडे दहा महिन्यांचे धरावे, खानावळ दहा महिन्यांची धरावी, परीक्षा शुल्क वर्षातून दोनदा धरावे, पुस्तके, गावी येण्याजाण्याचे भाडे, आजारपणाचे थोडे बाजूला; ही बेरीज करून मग फीचा आकडा तिच्यात मिळवावा. पुष्कळदा असे आढळेल की फी कमी असलेले लांबचे महाविद्यालय फी जास्त असलेल्या जवळच्या महाविद्यालयापेक्षा महाग पडते.

याहून महत्त्वाची गोष्ट पैशाच्या वेळेची. आमच्या भागातील घर कापूस, मका, सोयाबीन आणि मिरचीवर चालते. जून-जुलै हे महिने पेरणीचे. बी, खत, मजुरी यांत घरातील रोकड त्याच वेळी जमिनीत जाते. कापसाचा पैसा दिवाळीच्या पुढेमागे हाती येतो. प्रवेशाची फी मात्र नेमकी जून-जुलैत मागितली जाते. वर्षाचा हिशेब जुळतो, पण त्या महिन्याचा जुळत नाही, आणि त्या एका महिन्यासाठी मग सावकाराकडे जावे लागते किंवा प्रवेशच राहून जातो. म्हणून यादीतील प्रत्येक महाविद्यालयाच्या कार्यालयात "फी किती?" या प्रश्नाच्या जोडीला "हप्ते पाडून घेता का? किती हप्ते? शिष्यवृत्तीपात्र विद्यार्थ्याकडून आज किती भरून घेता?" हे प्रश्न विचारावेत. उत्तर लिहून ठेवावे. हे विचारण्यात कमीपणा काहीच नाही.

शिष्यवृत्तीची रक्कम सरकारी प्रणालीतून सावकाश येते, हेही गृहीत धरले पाहिजे. 2024 साली राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी दिली. ज्या घरांनी पूर्वी फीकडे पाहून मुलीच्या यादीतून अभियांत्रिकी किंवा औषधनिर्माणशास्त्र खोडले असेल त्यांनी ती यादी पुन्हा काढून पाहावी. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना, अनुसूचित जमातींसाठी स्वयंम् योजना आणि अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. या योजना मुख्यतः बाहेरगावी राहण्याच्या खर्चासाठी आहेत. म्हणजे त्यांचा परिणाम यादीतील लांबच्या नावांवर होतो. वसतिगृहाचा अर्ज हा महाविद्यालयाच्या अर्जाहून वेगळा असतो. प्रवेश मिळाला म्हणजे खोली मिळाली असे समजून पेटी घेऊन निघालेले विद्यार्थी दरवर्षी दिसतात.

वाटेचा प्रश्न मुलांच्या बाबतीत सोयीचा, तर मुलींच्या बाबतीत शिक्षण चालू राहील की नाही याचा असतो. अहिल्याबाई होळकर योजनेमुळे खेड्यातील मुलीला बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत मिळतो. बारावी झाली की तो थांबतो. पुढे विद्यार्थी म्हणून मासिक पासात 66.67 टक्के सवलत आहे, आणि 17 मार्च 2023 पासून सर्व महिलांना साध्या तिकिटातही निम्मी सवलत आहे. पण 'मोफत' आणि 'सवलतीत' यांत जे अंतर आहे ते घरातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात लगेच उमटते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शेवटच्या गाडीची वेळ. प्रात्यक्षिक किंवा शेवटचा तास साडेचारला सुटणार आणि गावाकडची गाडी चारला सुटणार, तर ते महाविद्यालय कितीही चांगले असो, त्या मुलीसाठी ते अर्धेच महाविद्यालय आहे. तेव्हा यादीत प्रत्येक नावापुढे सकाळच्या पहिल्या आणि संध्याकाळच्या शेवटच्या गाडीची वेळ लिहावी. आणि पावसाळ्यात ती गाडी येते का, हेही विचारावे. ज्या ठिकाणी वेळ जुळत नाही तेथे मुलींच्या वसतिगृहाची चौकशी करावी. "मुलीला इतक्या लांब कशाला?" या वाक्याला भाषणाने उत्तर देता येत नाही. वसतिगृहाचे नाव, तेथील अधीक्षिकांची भेट आणि गावातील आधी गेलेली एखादी मुलगी, यांनी ते देता येते.

आता महाविद्यालयाकडे पाहू. इमारत, कमान, रंगीत माहितीपत्रक यांवरून फारसे कळत नाही. पहिली चौकशी अशी करावी की आपल्याला हवा असलेला विषय तेथे अनुदानित तुकडीत आहे की विनाअनुदानित. एकाच आवारात दोन्ही असतात, आणि फी तसेच शिक्षक यांत फरक पडतो. दुसरी, त्या विषयाला पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत आणि तासिका तत्त्वावर किती. तासिका तत्त्वावरील शिक्षक कमी प्रतीचा असतो असे मुळीच नाही. उलट काही अत्यंत तळमळीचे शिक्षक वर्षानुवर्षे त्या तत्त्वावर राबत आहेत. परंतु त्यांच्या नेमणुका सत्र सुरू झाल्यावर उशिरा होतात आणि तोवर वर्ग रिकामा राहतो, हे खरे. तिसरी चौकशी नव्या शैक्षणिक धोरणामुळे महत्त्वाची झाली आहे. 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांतही मुख्य विषय आणि गौण विषय अशी रचना आली. पहिल्या वर्षी इतिहास आहे म्हणून प्रवेश घ्यावा आणि पुढे मुख्य विषय म्हणून तो तेथे नाही असे कळावे, असे होता कामा नये. "हा विषय मुख्य म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत येथे आहे काय? चौथे वर्ष आहे काय?" असे स्पष्ट विचारावे.

राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेची श्रेणी जरूर पाहावी, पण तिच्याजवळचे वर्षही पाहावे. 1994 साली स्थापन झालेली ही परिषद ठराविक मुदतीसाठी श्रेणी देते. कमानीवरील अक्षर मुदत संपल्यावरही तसेच राहू शकते. शिवाय ही श्रेणी सबंध संस्थेची असते. आपल्या विषयाचा विभाग तिच्याहून सरस किंवा निकस असू शकतो. ग्रंथालयात जाऊन आपल्या विषयाचे कपाट पाहणे आणि तिसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांशी चहाच्या टपरीवर बोलणे, यातून अक्षरापेक्षा अधिक कळते.

एका प्रकाराविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. हजेरीची अट नाही, परीक्षेपुरते या, बाकी काळजी नको, असे सांगून खेड्यातील मुलांची नावे दूरच्या पटावर चढविणारे मध्यस्थ पुष्कळ फिरतात. मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो किंवा शेतावर असतो, आणि त्याला वाटते की पदवीही चालू आहे. तीन वर्षांनी कागद हाती येतो, पण मागे शिक्षण नसते. घरी राहूनच शिकावयाचे असेल तर त्यासाठी सरळ मार्ग आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली आणि दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ 1985 साली याच हेतूने स्थापन झाले. त्यांचे नाव यादीत उघडपणे लिहावे. नोकरी किंवा शेती करून शिकणाऱ्याला ती पदवी अधिक शोभते.

एक उदाहरण घेऊन हे सारे जोडून पाहू. समजा, धावड्याची एक विद्यार्थिनी आहे. कला शाखेत बारावीला साधारण अडुसष्ट टक्के, घरी तीन एकर शेती, आवड इतिहासाची. तिला हा विषय आवडावा यात नवल नाही. डोंगराच्या अंगाने अजिंठ्याची लेणी, आणि तालुक्याचे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. भोकरदनला 1973 साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून उत्खनन केले होते आणि सातवाहन काळाचे अवशेष तेथे उजेडात आले. (आपल्या तालुक्याचे नाव पुरातत्त्वाच्या ग्रंथांत आहे हे किती जणांना माहीत असते?) तिची यादी कशी होईल?

भोकरदनचे मोरेश्वर महाविद्यालय, सिल्लोडचे यशवंतराव चव्हाण महाविद्यालय आणि बुलढाण्याचे जिजामाता महाविद्यालय ही जवळची नावे झाली. तिन्ही ठिकाणी इतिहास मुख्य विषय म्हणून पुढपर्यंत आहे का आणि गाडीची वेळ कोठली जुळते, यावर त्यांचा क्रम लागेल. त्यानंतर जालना आणि छत्रपती संभाजीनगर. संभाजीनगरात 1923 चे शासकीय महाविद्यालय, मिलिंद महाविद्यालय आणि सरस्वती भुवन संस्थेचे महाविद्यालय आहे. लेणी, संग्रहालये आणि विद्यापीठाचे ग्रंथालय तेथून जवळ. येथे वसतिगृह मिळाले तरच जमेल, म्हणून वसतिगृहाचा अर्ज नावाशेजारी लिहिलेला हवा. आणखी एक-दोन नावे अशी असावीत की जी मिळतील न मिळतील. पुण्याचे फर्ग्युसन (1885) हे एक. दुसरे, हैदराबादचे केंद्रीय विद्यापीठ (1974). तेथे बारावीनंतर पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम आहे. आजोबांच्या काळी नाइलाजाने घ्यावे लागणारे हैदराबादचे नाव नातीच्या यादीत आवडीने येऊ शकते, आणि जालन्याहून तिकडे थेट रेल्वेही जाते. इतिहासाच्या जोडीने समाजकार्याकडे कल असेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे तुळजापूरचे आवार 1986 पासून मराठवाड्यातच आहे. डेक्कन कॉलेजचे नाव मात्र या यादीत घालू नये; पुरातत्त्वाचे ते मोठे पीठ आहे, पण पदवीनंतरचे. ते तीन वर्षांनी करावयाच्या यादीत लिहून ठेवावे.

या यादीत हमखास मिळणारी, बेताची आणि आवाक्याच्या काठावरची, अशी तिन्ही प्रकारची नावे आली आहेत, आणि तसेच असावे. सगळी नावे मोठी असली तर ऑगस्टमध्ये हात रिकामे राहतात. सगळी हमखास असली तर आपल्याला आणखी कोठे घेतले असते का, हे कधीच कळत नाही. खेड्यातील विद्यार्थी बहुधा दुसरीकडे झुकतो. कोणते नाव कोणत्या प्रकारात बसते हे ठरविताना 'तेथे हुशार मुले जातात' असल्या ऐकीव गोष्टीवर जाऊ नये. मागील दोनतीन वर्षांच्या गुणवत्ता याद्या पाहाव्यात. आपल्या शाखेत, आपल्या प्रवर्गात, शेवटच्या फेरीत प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचे गुण किती होते, तो आकडा आपल्या कामाचा. पहिल्या फेरीचा आकडा पाहून पुष्कळजण उगाच हाय खातात.

व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत पसंतीक्रम भरताना, जे महाविद्यालय मनापासून हवे ते वर लिहावे. मिळणार नाही या भीतीने खाली ढकलू नये. संगणक वरून खाली पाहत येतो, वरचे न मिळाल्याने खालचे हातचे जात नाही. मात्र पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती स्वीकारावी लागते असा नियम असतो. म्हणून जेथे जाणे घरच्या हिशेबात बसतच नाही असे नाव केवळ हौसेने पहिल्या क्रमांकावर लिहू नये.

वेळापत्रकाबद्दल दोन शब्द. जवळच्या महाविद्यालयांचे अर्ज निकालानंतर निघतात, परंतु केंद्रीय विद्यापीठांसाठी 2022 पासून जी सामाईक प्रवेश परीक्षा घेतली जाते तिचे अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरून होतात. हैदराबादचे नाव जूनमध्ये सुचले तर ते त्या वर्षापुरते गेलेच. म्हणून यादी बारावीच्या दिवाळीच्या सुटीत करावी. तेव्हा घरात कापूस आलेला असतो आणि वडिलांशी पैशाचे बोलणेही जरा मोकळेपणाने होते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, लागू असल्यास नॉन क्रीमी लेयर आणि जातवैधता यांची कामे त्याच सुटीत तहसील आणि संबंधित कार्यालयांत सुरू करावीत. जूनमध्ये सगळा तालुका तेथे रांगेत असतो.

शेवटी मूळ कागदपत्रांविषयी. एका ठिकाणी प्रवेश घेतल्यावर यादीतील वरचे नाव लागले तर काय, या भीतीने पुष्कळ विद्यार्थी हातचे सोडत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर 2018 च्या अधिसूचनेनुसार संस्थेने मूळ प्रमाणपत्रे पडताळून परत द्यावयाची असतात, ती अडवून ठेवता येत नाहीत. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी, त्यानंतर पण अंतिम तारखेच्या आत केला तर 90 टक्के, अंतिम तारखेनंतर पंधरा दिवसांत 80 टक्के आणि पंधरा ते तीस दिवसांत 50 टक्के फी परत मिळावी, असे त्यात ठरविले आहे. तीस दिवसांनंतर काही नाही. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी, आणि त्या वर्षी आयोगाने यात काही बदल केला आहे का ते महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर पाहून यादीच्या कागदावर प्रत्येक नावापुढे प्रवेशाची अंतिम तारीख लिहून ठेवावी.